नंबर लागला म्हणून धावू नका

प्रवेशाच्या हंगामातला सर्वांत घातक सल्ला एका ओळीचा असतो : ‘नंबर लागलाय ना, मग घेऊन टाक!’ मामा देतो, क्लासचे सर देतात, खालच्या मजल्यावरचे निवृत्त साहेब देतात. देणाऱ्याचं काही जात नाही. घेणाऱ्याची चार वर्षं जातात.

प्रसंग दर पावसाळ्यात घरोघरी घडतो. मुलगी एका इंजिनीअरिंग कॉलेजात रीतसर दाखल झालेली असते. फी भरलेली असते, होस्टेलची खोली मिळालेली असते, गादी, बादली, कुलूप घेऊन झालेलं असतं, वर्ग सुरू झालेले असतात. आणि ज्या दुसऱ्या कॉलेजच्या वेटिंग लिस्टवर नाव लटकून पडलं होतं, तिथून फोन येतो. जागा रिकामी झाली आहे. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत मूळ कागदपत्रं आणि फी घेऊन या, नाहीतर जागा पुढच्याला जाईल.

त्या फोननंतर घरातला विचार थांबतो आणि पळापळ सुरू होते. कुणी बँकेत धावतं, कुणी रात्रीच्या गाडीचं तिकीट बघतं, कुणी जातीच्या दाखल्याच्या झेरॉक्स काढायला जातं. ‘पण जायचं का?’ हे मात्र कुणी विचारत नाही. ते विचारलं पाहिजे आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं पाहिजे, म्हणून आजचं सदर.

माझं म्हणणं एवढंच आहे. दोन्ही कॉलेजांची पत्रं एकाच दिवशी आली असती तर तुम्ही कुठलं घेतलं असतं? तेच आज घ्या. उशिरा आलेल्या जागेला उशिरा आल्याबद्दल जादा गुण देऊ नका. दोन महिने जिच्यासाठी झुरलो ती एकदाची मिळाली, हा आनंद खरा असतो. पण तो आठवडाभर टिकतो आणि अभ्यासक्रम आठ सेमिस्टरचा असतो. नव्यानं हिशोबात धरायच्या गोष्टी दोनच : मधल्या काळात गेलेले दिवस आणि अडकलेले पैसे.

यादी हलते कशानं?

राज्याच्या सीईटी सेलची कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, आयआयटी-एनआयटीसाठीची ‘जोसा’, तिच्यानंतरच्या ‘सीसॅब’च्या विशेष फेऱ्या, नीटवरचे वैद्यकीय प्रवेश, खासगी आणि अभिमत विद्यापीठांच्या स्वतंत्र याद्या. हे सगळं एकाच मोसमात चालतं, पण प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. वरच्या गुणांचा मुलगा दोन-तीन ठिकाणी जागा धरून बसतो. एनआयटीत पक्कं झालं की राज्यातली सोडतो. त्याची जागा खालच्याला मिळते, खालच्याची त्याच्याही खालच्याला. या साखळीच्या टोकाला तुमचा फोन वाजतो.

म्हणजे पहिल्या यादीत नाव नव्हतं तेव्हा कुणी तुमच्या मुलीची लायकी काढली नव्हती, आणि आता बोलावलं तेव्हा कुणी तिचा सत्कारही केलेला नाही. वरचा एक मुलगा उठून गेला, इतकंच घडलं. खासगी कॉलेजच्या दृष्टीनं रिकामा बाक म्हणजे बुडणारी फी. ती भरून काढायची घाई त्यांची आहे. ती त्यांनी तुमच्या गळ्यात घातली तर तुम्ही ती काढून ठेवायला मोकळे आहात.

कॉलेजांची ही निकड फक्त आपल्याकडचीच नाही. अमेरिकेत पदवीच्या प्रवेशाला १ मेपर्यंत होकार कळवण्याची रीत आहे. तिथल्या प्रवेश-समुपदेशकांच्या संघटनेच्या आचारसंहितेत एक कलम होतं : दुसरीकडे पक्कं झालेल्या विद्यार्थ्याला सवलतींची आमिषं दाखवून ओढायचं नाही. हे स्पर्धेच्या आड येतं असा आक्षेप तिथल्या न्याय खात्यानं घेतला आणि २०१९ मध्ये संघटनेला ते कलम काढून टाकावं लागलं. आपल्या मुलांपैकी जे तिकडे पदवीला अर्ज करतात, त्यांनी हे लक्षात ठेवावं. मे महिन्यानंतर आलेल्या गोड पत्रात कॉलेजची गरज आधी वाचावी, स्वतःचं कौतुक नंतर.

साठ वर्षांपूर्वीचं उत्तर

डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ मध्ये ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’मध्ये एक छोटा लेख लिहिला. विषय होता कॉलेजचे प्रवेश आणि लग्नांच्या जोड्या. लेखाच्या सुरुवातीलाच वेटिंग लिस्टचा घोळ मांडलेला आहे. एका कॉलेजनं घेतलेला आणि दुसऱ्याच्या यादीत लटकलेला मुलगा. त्यानं हातातलं धरावं की थांबावं? धरलं आणि नंतर दुसरीकडून बोलावणं आलं, तर पहिल्याला दिलेला शब्द मोडणं योग्य की अयोग्य? आज आपल्या दिवाणखान्यात जे चालतं, तेच त्यांनी कागदावर मांडलं होतं.

त्यांनी तोडगाही दाखवला. मुलांनी आपला खरा पसंतीक्रम लिहून द्यायचा. कॉलेजांनी लगेच पक्का प्रवेश न देता तात्पुरती नावं धरत फेऱ्या चालवायच्या. सगळं थांबलं की एकदाच पक्कं करायचं. असं केलं तर शेवटी अशी एकही जोडी उरत नाही, जिच्यातल्या मुलाला आणि कॉलेजला दोघांनाही मिळालेलं सोडून एकमेकांकडे जावंसं वाटेल. शॅप्ली यांना २०१२ मध्ये ॲल्विन रॉथ यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते या आणि यापुढच्या कामासाठी. गेल तोवर हयात नव्हते.

यातली घरी वापरण्यासारखी गोष्ट कुठली? पसंतीक्रम खरा असला पाहिजे आणि तो आधी लिहिलेला असला पाहिजे. फोन आल्यावर बनवलेला पसंतीक्रम हा फोनचा असतो, मुलीचा नसतो. म्हणून निकाल लागल्यावर, डोकं शांत असताना, एका कागदावर ब्रँच आणि कॉलेजांची यादी करा. प्रत्येकापुढे कारण लिहा. तारीख टाका. मुलीची सही घ्या. उशिराचा फोन आला की तो कागद काढा. नवं कॉलेज त्यात आजच्या कॉलेजच्या वर आहे का? नसेल तर नम्रपणे ‘नको’ म्हणा आणि फोन ठेवा. असेल, तर पुढचं वाचा.

कॅपमध्ये तर हा क्रम आता फार महागात पडू शकतो. २०२५-२६ पासून इंजिनीअरिंगला चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कुठलीही मिळाली तर फ्रीझ. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. चौथ्या फेरीत जे मिळेल ते अंतिम. कुणीतरी सांगितलं म्हणून तिसऱ्या क्रमांकावर टाकलेलं कॉलेज दुसऱ्या फेरीत पदरात पडतं आणि मग रडून उपयोग नसतो. बेटरमेंटचंही, म्हणजे मिळालेल्या जागेपेक्षा वरची मागण्याचंही, तसंच. ती मागितली आणि वरची जागा मिळाली की आधीची आपोआप जाते. तिथं दोन्ही जागा समोर ठेवून निवडायची सोयच नाही. निवड फॉर्म भरतानाच झालेली असते. वैद्यकीयला अखिल भारतीय कोट्याच्या शेवटच्या, ‘स्ट्रे व्हेकन्सी’ फेरीत जागा मिळूनही घेतली नाही तर अनामत रक्कम जप्त होते. त्या फेरीला उभं राहायचं तर जायचंच, हे ठरवूनच पर्याय भरा.

खरी निवड करायची वेळ येते ती कॅप संपल्यावर. संस्था स्तरावरच्या, म्हणजे कॉलेजनं स्वतः भरायच्या जागा, सीसॅबच्या फेऱ्या, खासगी विद्यापीठांच्या याद्या. आणि तिथंच सर्वांत जास्त फसगत होते.

फी माफ आहे, ती विसरू नका

ओळखीतल्या एका घरात हे जवळून पाहिलं. परभणीकडची मुलगी. नांदेडच्या एका कॉलेजात कॅपमधून कॉम्प्युटरला प्रवेश. ओबीसी, उत्पन्न मर्यादेत, त्यामुळे शिक्षण शुल्क माफ. वर्ग सुरू झाल्यावर पुण्याच्या एका नावाजलेल्या खासगी कॉलेजातून फोन आला : संस्था स्तरावर जागा आहे, ब्रँच हीच. वडील हरखले. पुणे म्हणजे पुणे. फीचा आकडा ऐकून क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, ‘काढू कर्ज, एकुलती आहे.’

मुलगी शांत होती. तिनं फोन मागून घेतला आणि पलीकडच्या माणसाला विचारलं, ‘तिकडे मला फीमाफी मिळेल का?’ उत्तर आलं, ‘मिळेल बहुतेक, या तर आधी, नंतर बघू.’ ती म्हणाली, ‘मग तेवढं ईमेलवर लिहून पाठवता का?’ पलीकडून ‘कळवतो’ म्हणून फोन बंद झाला. ईमेल आला नाही. ती नांदेडलाच राहिली.

नियम तिच्या बाजूनं स्पष्ट आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी ही सवलत ५० टक्के होती. पण ती केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्यांना. व्यवस्थापन कोटा आणि संस्था स्तरावरचे प्रवेश त्यातून वगळलेले आहेत. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीलाही कॅपमधूनच प्रवेश लागतो. टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या ५ टक्के जादा जागा, त्याही कॅपमध्येच. कॅपची जागा सोडून संस्था स्तरावर उडी मारली की हे सगळं मागे राहतं. एका फोनवर चार वर्षांची माफी सोडून देणारी कुटुंबं आहेत, आणि त्यांना ते महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज भरताना कळतं. तोवर परतीची तारीख गेलेली असते.

म्हणून पहिला प्रश्न हाच : ही जागा कॅपची की संस्था स्तराची? आणि त्याचं उत्तर तोंडी घेऊ नका.

नाव कुणाचं, ब्रँच कुणाची

आता दुसरा मोह, नावाचा. पुण्याचं सीओईपी १८५४ चं, मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं, सांगलीचं वालचंद १९४७ चं. या नावांना वजन आहे आणि ते कमावलेलं आहे. सरकारी किंवा अनुदानित, जुनं, चांगल्या प्रयोगशाळांचं कॉलेज आणि तुम्हाला हवी तीच ब्रँच असं उशिरा का होईना जुळलं तर जा, दुसऱ्याला विचारत बसू नका.

पण बहुतेक उशिराचे फोन तसे नसतात. ते सांगतात, कॉलेज मोठं आहे, ब्रँच मात्र उरलेली. मुलीला इलेक्ट्रॉनिक्स हवं होतं, ते तिला मिळालंही आहे, आणि आता मोठ्या नावासाठी ती वेगळ्याच ब्रँचला जाणार. पहिल्या वर्षानंतर ब्रँच बदलता येईल असं तिला सांगितलं जातं. येतेही, पण मोजक्या रिकाम्या जागांवर आणि वरच्या गुणांवर. ज्या गोष्टीची खात्री नाही तिच्या भरवशावर खात्रीची गोष्ट सोडायची, यालाच आपल्याकडे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात. आपल्या आज्यांना हे कळत होतं. चार वर्षं रोज सकाळी उठून जे शिकायचं आहे ती ब्रँच आहे. कॉलेजचं नाव टी-शर्टवर असतं.

कॉलेज तपासायचं तर नीट तपासा. नॅकची श्रेणी संपूर्ण संस्थेची असते. एनबीएची मान्यता ब्रँचनिहाय असते. तुमच्या ब्रँचला ती आहे का, आणि कुठपर्यंत, ते विचारा. प्लेसमेंटच्या फलकावरचा सर्वांत मोठा आकडा एका मुलाचा असतो. तुमच्या ब्रँचच्या किती मुलांनी नाव नोंदवलं, किती लागली आणि मधल्या मुलाला किती मिळाले, हे तीन आकडे मागा. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीशी दहा मिनिटं बोला : प्रयोगशाळेत हात लावू देतात की नुसतं दाखवतात? शिक्षक पूर्णवेळ आहेत की तासापुरते? गावातल्या कुणालाही यातलं काही ठाऊक नसतं, तरी कुठलं कॉलेज ‘टॉप’ हे सगळे ठामपणे सांगतात.

मधले आठवडे

उशिरा बदललेल्या कॉलेजात मुलगी नव्यानं जाते, पण तिच्याआधी बाकी सगळे जाऊन बसलेले असतात. एआयसीटीईनं पहिल्या वर्षासाठी तीन आठवड्यांचा ओळखवर्ग आखून दिला आहे. तो संपलेला असतो. स्वायत्त कॉलेजात अंतर्गत चाचण्यांचे गुण पहिल्या महिन्यापासून मोजले जाऊ लागतात. ७५ टक्के हजेरीच्या अटीत गेलेले तास कुणी भरून देत नाही. होस्टेल बहुधा भरलेलं असतं, म्हणून बाहेरची खोली, मेस आणि रोजचा बसप्रवास आला. पुण्या-मुंबईत त्याचा खर्च कित्येकदा फीच्या बरोबरीला जातो. फीचा आकडा सगळे विचारतात, खोलीचं भाडं कुणी विचारत नाही.

आणि मुलीच्या मनाचं काय? तिनं नव्या गावात घडी बसवलेली असते. खोलीतली मैत्रीण, ग्राफिक्सची शीट एकत्र पुरी करणारा गट, मेसमधल्या मावशींची ओळख. गणिताच्या पहिल्या पेपरआधी ज्याच्या आधारावर ती उभी राहणार, ते हेच. ‘होतं सगळं नव्यानं’ असं मोठी माणसं म्हणतात, आणि बहुतेक वेळा होतंही. पण त्याला जे बळ लागतं ते अठरा वर्षांच्या मुलीनं स्वतःहून द्यायचं असतं. ती तयार नसेल तर तिला ढकलू नका. ती तयार असेल आणि तुम्हालाच तिच्यापासून लांब राहणं जड जात असेल, तर तिला अडवूही नका.

मग जायचं कधी? कारणं पक्की असतील तेव्हा बेलाशक जावं. पसंतीक्रमाच्या कागदावर नवं कॉलेज वर होतं आणि ब्रँच तीच आहे. फी कमी होते आहे किंवा सवलत टिकते आहे. सध्याच्या कॉलेजात तिच्या ब्रँचला शिक्षक नाहीत, हे तिनं स्वतः आठवडाभर पाहिलं आहे. घरात आजारपण आहे आणि नवं कॉलेज जवळ आहे. यातलं एक जरी कारण असेल तर दोन आठवड्यांचं नुकसान सोसावं. फक्त ‘लोक काय म्हणतील’ हे कारण या यादीत नाही.

खिडकीपलीकडची माणसं

आता कॉलेजांबद्दल. मुलीनं जायचं ठरवलं, की सध्याच्या कॉलेजचा खरा चेहरा दिसतो. प्रवेश रद्द करण्याच्या खिडकीपाशी उभे राहून बघा. बापाच्या हातात प्लास्टिकची फाइल, आत फीची पावती. पलीकडून एक ‘नो ड्यूज’चा फॉर्म सरकवला जातो. त्यावर ग्रंथालय, प्रयोगशाळा, होस्टेल, जिमखाना, विभागप्रमुख अशा सह्या आणायच्या. ज्या ग्रंथालयातून मुलीनं एक पुस्तक घेतलेलं नाही, तिथंही रांग लावायची. विभागप्रमुख मीटिंगला गेलेले. रेक्टर सोमवारी येणार. नव्या कॉलेजची मुदत मात्र आज पाचला संपणार. हे दोन-चार कॉलेजांतलं चित्र नव्हे, आणि हा त्रास आपोआप होत नाही. तो रचलेला असतो, कारण कंटाळून परत गेलेला बाप म्हणजे वाचलेली फी.

कायदा-नियम बापाच्या बाजूनं आहेत, ते त्याला ठाऊक असायला हवेत. यूजीसीनं ऑक्टोबर २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रं संस्थेला अडकवून ठेवता येत नाहीत. पडताळून ती परत द्यायची. फी परताव्याचे टप्पेही त्यात आहेत. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी सोडलं तर पूर्ण फी, फक्त ५ टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त ५,००० रुपये प्रक्रिया शुल्क कापून. त्या १५ दिवसांच्या आत सोडलं तर ९० टक्के. शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांत ५० टक्के, त्यापुढे काही नाही. पुढे काही वर्षं यूजीसीनं याहून मोकळी सवलत दिली : २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये कपात. कॅपच्या प्रवेशांना सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेतला नियम लागतो. ठरवून दिलेल्या तारखेपर्यंत रद्द केलं तर १,००० रुपये कापून बाकी फी परत. त्या तारखेनंतर अनामत रकमेखेरीज काही मिळत नाही. ती तारीख पहिल्या दिवशीच भिंतीवर लिहून ठेवा.

क्रम चुकवू नका. आधी नव्या कॉलेजकडून लेखी : जागा कुठल्या स्तराची, ब्रँच कोणती, एकूण फी किती, होस्टेल आहे की नाही. मग जुन्या कॉलेजला लेखी अर्ज, आणि त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक नि शिक्का. कॅपचा प्रवेश असेल तर ऑनलाइन रद्द झाल्याची नोंद डोळ्यांनी बघा. तोंडी ‘झालं तुमचं काम’ यावर विसंबून गाडीत बसू नका.

आणि एक पथ्य आपल्याही बाजूनं. जायचं नाही असं ठरलं तर त्याच तासाला कळवा. जायचं ठरलं तर जुनी जागा त्याच दिवशी सोडा. दोन्हीकडे पाय ठेवून आठवडाभर बसणाऱ्यांमुळेच खालच्या मुलाचा फोन सप्टेंबरअखेर वाजतो, आणि मग त्याला एका रात्रीत ठरवावं लागतं. काल आपल्याला जे सोसावं लागलं ते उद्या त्याला सोसायला लावू नका.

मागण्या चार

एवढं सगळं एका कुटुंबानं एका रात्रीत करायचं, हीच मुळात अन्यायाची गोष्ट आहे. शहरातल्या, शिकलेल्या, इंटरनेट असलेल्या घराला ते जमतं. ज्या घरातली मुलगी पहिल्यांदाच कॉलेजात चालली आहे, त्या घराला जमत नाही. ते घर फोनवरच्या आवाजावर विश्वास ठेवतं. त्या घरासाठी सीईटी सेल आणि प्रवेश नियामक प्राधिकरणाकडे चार मागण्या.

एक, संस्था स्तरावरच्या कुठल्याही जागेसाठी विद्यार्थ्याला किमान तीन कामाचे दिवस मिळालेच पाहिजेत. दोन, जागा देणाऱ्या प्रत्येक पत्रावर ठळक अक्षरांत छापलं पाहिजे की या प्रवेशावर शासनाची फी सवलत आणि शिष्यवृत्ती मिळेल की नाही. तीन, प्रवेश रद्द करताना ‘नो ड्यूज’च्या सह्या गोळा करण्याचं काम कॉलेजनं स्वतः करावं, विद्यार्थ्यानं एक अर्ज द्यावा आणि त्याच दिवशी कागद घेऊन बाहेर पडावं. चार, प्रत्येक कॉलेजची वेटिंग लिस्ट आणि तिची हालचाल रोज संकेतस्थळावर दिसावी, म्हणजे कुणाला फोन गेला आणि कुणाला टाळला ते सगळ्यांना कळेल.

यातल्या एकाही मागणीला नवा पैसा लागत नाही. लागते ती तक्रारींची संख्या. प्रवेश पार पडला की पालक हा विषय मागे टाकतात, मुलगी वर्गात बसते, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या घरात तोच फोन तसाच येतो. या वर्षी तसं करू नका. ज्यांना एका रात्रीत ठरवायला लावलं, ज्यांची कागदपत्रं अडवली, ज्यांना फीमाफीबद्दल चुकीचं सांगितलं, त्या प्रत्येकानं तारीख-वार घालून लेखी तक्रार द्या. नवी माहितीपुस्तिका छापायला जाण्याआधी ती त्यांच्या टेबलावर पोहोचली पाहिजे.